बॅटल इन सिअ‍ॅटल: रस्ता दिसला, सभागृह दिसलं का?

मुक्ता (शनिवार, रात्री ९:४०)

परवा 'बॅटल इन सिअ‍ॅटल' दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते. तेव्हा अश्रुधूर, लाठ्या आणि भिजलेली, खोकणारी पोरं एवढंच लक्षात राहिलं होतं. मधल्या काळात कामाच्या निमित्ताने जागतिक व्यापार संघटनेचे करार आणि निवाडे वाचावे लागले, आणि या वेळी तोच सिनेमा बघताना एक रुखरुख लागली. ती इथे मांडतेय. इथल्या काहींनी तो काळ जवळून पाहिलाय, काहींच्या पोटापाण्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून मुद्दाम धागा काढला.

आधी सिनेमाबद्दल. २००७ सालचा, टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवलेला. स्टुअर्ट टाउनसेंड या आयरिश नटाचं हे पहिलं दिग्दर्शन. विषय १९९९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधले सिअ‍ॅटलचे ते मोजके दिवस. जागतिक व्यापार संघटनेची तिसरी मंत्रिपरिषद तिथे ३० नोव्हेंबर ते ३ डिसेंबर भरणार होती. १३५ सदस्य देश, व्यापारी वाटाघाटींची नवी फेरी सुरू करायचा बेत. आणि ती होऊ द्यायची नाही म्हणून ४० हजारांच्या वर माणसं शहरात उतरली. त्यातले काही भल्या सकाळीच चौकाचौकांत साखळी करून बसले, स्वतःचे हात नळ्यांत अडकवून घेतले, म्हणजे पोलिसांना सहज उचलून नेता येऊ नये. प्रतिनिधींना हॉटेलातून बाहेर पडून सभागृहापर्यंत पोचता येईना. त्या सकाळचा उद्घाटनाचा कार्यक्रम रद्द करावा लागला.

पात्रं काल्पनिक आहेत. महापौरही (रे लिओटा) वेगळ्या नावाचा, खरे महापौर पॉल शेल होते. आंदोलकांत जे (मार्टिन हेंडरसन), लू (मिशेल रॉड्रिग्ज) आणि कासवाचा वेश घेतलेला जँगो (आन्द्रे बेंजामिन). समोर पोलीस डेल (वुडी हॅरलसन), आणि त्याची गरोदर बायको एला (शार्लीझ थेरॉन), जी एका दुकानात कामाला आहे.

पुढच्या परिच्छेदात कथा उघड होते. नको असेल त्यांनी तो सोडून वाचावा.

एलाचा आंदोलनाशी काही संबंध नाही. ती गर्दीत सापडते आणि एका पोलिसाची काठी तिच्या पोटात बसते. मूल जातं. आणि तिच्या नवऱ्याला पुन्हा ढाल-काठी घेऊन त्याच रस्त्यावर उभं राहावं लागतं. आतला सगळा जाळ तो जे या आंदोलकावर काढतो, त्याला अमानुष मारतो. नंतर कोठडीत त्याला भेटायला जातो. हॅरलसनचा तिथला चेहरा मी विसरणार नाही. काठी मारणारा आणि काठीने उद्ध्वस्त झालेला एकाच घरातला आहे, ही या सिनेमाची सगळ्यात खरी गोष्ट आहे असं मला वाटतं.

आता रुखरुख. सभागृहाच्या आतली दोनच माणसं सिनेमात नीट दिसतात. एक आफ्रिकेतला प्रतिनिधी (इसाक द बांकोले), दुसरा 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चा डॉक्टर (रादे शेर्बेजिया), जो एड्सच्या औषधांबद्दल बोलायला आलाय आणि ज्याचं ऐकायला कुणी जागेवर नाही. दोघांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रसंग. पण ती परिषद शेवटी मोडली कुठे? ३ डिसेंबरच्या रात्री, आत. या संघटनेत निर्णय सर्वसंमतीने होतात. प्रत्यक्षात मोजक्या देशांना 'ग्रीन रूम'मध्ये बोलवायचं, तिथे मसुदा ठरवायचा, आणि बाकीच्यांपुढे तो शेवटच्या घटकेला ठेवायचा अशी रीत होती. आफ्रिकी, कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकी देशांनी निवेदनं काढून सांगितलं की आम्हाला बाहेर बसवून ठरवलेल्याला आमची संमती मिळणार नाही. शेतीच्या अनुदानांवरून अमेरिका आणि युरोपचंही पटत नव्हतंच. बैठक काहीही न ठरता संपली.

आणि भारत? आपले वाणिज्यमंत्री मुरासोली मारन तिथे होते. क्लिंटन यांनी तिथल्या एका वर्तमानपत्राला मुलाखत देऊन म्हटलं की कामगारांच्या हक्कांचे निकष व्यापाराला जोडावेत, आणि ते मोडणाऱ्यांवर पुढे निर्बंधही असावेत. भारतासह अनेक विकसनशील देश यावर भडकले. कारण आपल्याला त्यात दिसत होती मागच्या दाराने येणारी आयातबंदी. पण नेमकी हीच मागणी घेऊन बाहेर अमेरिकन कामगार संघटनांचा हजारोंचा मोर्चा चालला होता!

म्हणजे रस्त्यावरच्या ज्या माणसासाठी माझा जीव तुटतो, त्याची एक मागणी माझ्या देशाचा मंत्री आत बसून नाकारत होता. आणि मंत्र्याचं कारणही मला पटतं. सिनेमा बघताना मी नक्की कुठे उभं राहायचं? हे मला तुम्हा सगळ्यांना विचारायचंय.

---

रानवारा (शनिवार, रात्री १०:०५)

वाचतोय. कामगार निकषांचा मुद्दा माहीतच नव्हता. सिनेमा आज रात्रीच बघतो.

---

काळा पडदा (शनिवार, रात्री १०:५२)

चांगलं लिहिलंय. छायाचित्रणाबद्दल थोडं. कॅमेरा बॅरी अ‍ॅक्रॉइड यांचा आहे, केन लोच यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. हातात धरलेला कॅमेरा, माणसांच्या खांद्यांमधून बघणारा. चित्रीकरण बहुतेक कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये झालंय आणि त्यात १९९९ ची खरी दृश्यं मिसळलीत. काही ठिकाणी सांधा दिसतो, बहुतेक ठिकाणी नाही. क्रेनवर चढून फलक लावण्याचा प्रसंगही खऱ्या घटनेवरून आलेला. त्या फलकावर दोन बाण होते: एकावर संघटनेचं नाव, दुसऱ्यावर 'लोकशाही', आणि दोन्ही विरुद्ध दिशांना.

मला खटकतं ते वेगळं. सगळी मोठी नावं घेतल्यामुळे प्रत्येकाला एकेक वैयक्तिक दुःख द्यावं लागलंय. जेचा भाऊ जंगलतोडीविरुद्धच्या आंदोलनात गेलेला, एलाचं मूल जातं, वार्ताहर बाईचं (कॉनी नील्सन) मनपरिवर्तन होतं. हजारो माणसं महिनोन्‌महिने तयारी करतात, छोट्या छोट्या गटांत बसून सगळ्यांच्या संमतीने ठरवतात कोण कुठला चौक धरणार, जेवण कुणी शिजवायचं, जखमींना कुणी बघायचं. तीच खरी नवलाची गोष्ट होती, आणि तीच पडद्यावर पुसट झाली. नुकसान झाल्याशिवाय माणूस रस्त्यावर येत नाही असा सूर लागतो. तो चुकीचा आहे. त्यातली कितीतरी माणसं काहीही गमावलेलं नसताना, फक्त समजून उमजून आली होती.

---

पावसाळी शहर (रविवार, सकाळी ७:१५)

मुक्ता, हा धागा बघून झोप उडाली. मी तेव्हा सिअ‍ॅटलमध्ये होतो. पुण्याहून येऊन दीड वर्ष झालं होतं, व्हिसा कंपनीच्या हातात, वय २६. गावात काय चाललंय त्यापेक्षा कोडमध्ये काय चाललंय याचीच काळजी.

३० तारखेला सकाळी बस मध्येच थांबली. चालकाने सांगितलं, पुढे रस्ता बंद, उतरा. मी पाईक स्ट्रीटच्या बाजूने चालत निघालो. आधी ढोल ऐकू आले. मग कासवं दिसली. पुठ्ठ्याच्या पाठी बांधलेली माणसं, पावसाची भुरभुर, आणि त्यांच्या शेजारून चालणारे ट्रकचालकांच्या संघटनेचे दांडगे लोक. नंतर त्या जोडीचं खूप कौतुक झालं, पण मला त्या क्षणी एवढंच वाटलं की हे लोक एकमेकांच्या घरी कधी जेवायला जाणारे नव्हेत, आणि आज एकमेकांना कॉफी देतायत. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी त्या दिवशी बंदरं बंद ठेवली होती, हे मला संध्याकाळी कळलं.

अश्रुधूर सकाळीच सुरू झाला होता, काचा फुटायच्या आधी. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर टीव्हीवर क्रम उलटा दिसला: आधी काळे कपडे घातलेली पोरं दुकानांच्या काचा फोडतायत, मग पोलीस. बसलेल्या लोकांच्या तोंडावर मिरपुडीचा फवारा मारताना मी पाहिलंय. त्यातल्या एका बाईचे डोळे मी माझ्या पाण्याच्या बाटलीने धुतले. तिने माझं नाव विचारलं आणि मी खोटं नाव सांगितलं. व्हिसाची भीती. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, ती गोष्ट अजून टोचते.

संध्याकाळी ७ ला संचारबंदी लागली. मी कॅपिटॉल हिल भागात राहायचो, सभागृहापासून टेकडीवर. तिथे लोक घरात स्वयंपाक करत होते आणि खिडक्यांतून धूर आत येत होता. शेजारचे आजोबा ओला टॉवेल तोंडाला बांधून जिन्यात बसलेले. त्यांना ही संघटना काय आहे हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवसापासून नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, रस्त्यावर, आणि शहराच्या मधल्या भागात निदर्शनांनाच बंदी.

पुढचं सिनेमात फार येत नाही म्हणून सांगतो. ५०० च्या वर लोकांना अटक झाली होती, बहुतेक खटले टिकले नाहीत. पोलीसप्रमुख नॉर्म स्टँपर यांनी आठवडाभरात पद सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि नंतरच्या काळात अश्रुधूर वापरणं ही आपली मोठी चूक होती असं उघडपणे मान्य केलं. वेस्टलेक पार्कात पकडलेल्यांनी शहरावर दावा लावला. २००७ मध्ये, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी, शहराला १० लाख डॉलर द्यावे लागले.

मुक्ताच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नाही. पण तो मोर्चा बघताना कुणी मला भारतीय म्हणून शत्रू मानलं नाही. एका कामगाराने विचारलं, तुमच्याकडे पोलादाच्या कारखान्यात किती मजुरी देतात? मला माहीत नव्हतं. मी जमशेदपूरला कधी गेलो नव्हतो, आणि त्याला मात्र जाणून घ्यायचं होतं.

---

मुक्ता (रविवार, सकाळी ९:३०)

पावसाळी शहर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खोट्या नावाचं मनाला लावून घेऊ नका. बाटली खरी होती.

---

केळशीचा किनारा (रविवार, दुपारी १:२०)

कासवांचा विषय निघाला म्हणून लिहितो. सिनेमात जँगोने कासवाचा वेश का घेतलाय, हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. पण ती केस कुणी केली होती माहितीये? आपण. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड.

झालं असं. कोळंबी धरायला ट्रॉलरचं जाळं ओढतात, त्यात कासवं अडकतात. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात ते जमत नाही आणि ते बुडून मरतं. यावर अमेरिकेत एक चौकट निघाली, तिला टेड म्हणतात. जाळ्यात तिरपी बसवलेली सळ्यांची चौकट: कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव चौकटीला आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा केला की ज्या देशाच्या ट्रॉलरवर अशी सोय नाही तिथली समुद्रातली कोळंबी आम्ही घेणार नाही. त्याविरुद्ध आपण चौघे व्यापार संघटनेकडे गेलो.

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये अपील मंडळाचा निकाल आला. त्यात 'कासवं वाचवणं चूक' असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट हेतू योग्य आहे असंच म्हटलंय. आक्षेप होता तो वागणुकीवर: कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीला तीन वर्षं दिली, आशियातल्यांना चार महिने. पण अमेरिकेतल्या लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच की या संघटनेने कासवांविरुद्ध निकाल दिला. आणि वर्षभराने सिअ‍ॅटलच्या रस्त्यावर २४० च्या आसपास माणसं कासवं होऊन चालली.

मी सिनेमा बघताना तोंडात मारल्यासारखा झालो, कारण माझं घर दोन्हीकडे आहे. माझा मामा हर्णै बंदरात तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, आहे. आणि मी स्वतः कॉलेजपासून दर हिवाळ्यात कासवांच्या घरट्यांवर काम करतो. आमच्या पट्ट्यात वेळासला २००२ च्या सुमारास 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने काम सुरू केलं, आता अंजर्ले, केळशी, पुढे बऱ्याच किनाऱ्यांवर चालतं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, वाळूत हातभर खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते आणि मागे न बघता जाते. आम्ही ती अंडी कुंपणात हलवतो, पन्नास-पंचावन्न दिवसांनी टोपली उचलली की खाली वळवळ. किनाऱ्याकडे सोडलं की ती पिल्लं पाण्याच्या उजेडाकडे चालायला लागतात. ज्याने हे पाहिलंय त्याला पुठ्ठ्याची पाठ बांधून पावसात चालणारा माणूस वेडा वाटणार नाही.

आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव आहे. मामा समुद्रावर जाताना त्याच्या पाया पडतो. त्याच्या जाळ्यात कासव आलं तर तो सोडतो, नेहमी सोडत आलाय. हल्ली जाळं कापून कासव सोडलं आणि फोटो काढून दिला तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, हे चांगलं झालं. पण टेड लावायचं म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. म्हणतो, त्या झडपेतून मासळीपण जाते, ती कोण भरून देणार?

२०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी पुन्हा बंद केलीय, याच कारणावरून. निवाडा, वेशभूषा, सिनेमा सगळं होऊन गेलं, आणि मामाच्या बोटीवर प्रश्न तिथेच आहे.

---

अनामिका (रविवार, दुपारी २:००)

केळशीचा किनारा, अंगावर काटा आला वाचताना. केस आपण केली होती हे मला आज कळलं.

---

वऱ्हाडी माणूस (रविवार, सायंकाळी ६:४५)

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस शेतकरी. धाग्याचा सूर असा होत चाललाय की व्यापार संघटना म्हणजे लुटारू आणि आंदोलक म्हणजे संत. माझं मत वेगळं आहे, सांगून ठेवतो.

डंकेल प्रस्ताव, म्हणजे ज्यातून पुढे ही व्यापार संघटना उभी राहिली तो कराराचा मसुदा, आला तेव्हा माझे वडील शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत होते. सगळा देश म्हणत होता, डंकेल आला, शेतकरी मेला. कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामींचे लोक बियाणं कंपन्यांविरुद्ध उठले होते, उत्तरेत शेतकरी नेते टिकैत विरोधात होते. शरद जोशी एकटे उभे राहून म्हणाले, मला हा प्रस्ताव हवाय. का? कारण आपल्या शेतकऱ्याला सबसिडी मिळते हा भ्रम आहे. खतावर दोन पैसे देतात, आणि निर्यातबंदी, झोनबंदी (माल ठरलेल्या भागाबाहेर न्यायला मनाई), लेव्ही (सरकारला कमी भावात सक्तीने द्यायचा माल) लावून भावातून कितीतरी जास्त काढून घेतात. 'उणे सबसिडी' हा शब्द आमच्या घरी जेवताना ऐकत मी मोठा झालो. सरकारने स्वतः जेव्हा कराराच्या हिशोबासाठी आकडे दिले तेव्हा तो आकडा उणेच निघाला.

तेव्हा महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. स्वतःच्या शेतातला कापूस राज्याबाहेर नेऊन विकला तर तो गुन्हा. नदीच्या पलीकडे आंध्रात भाव बरा, आणि आम्ही अलीकडे गाड्या लावून कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची वाट बघत उभे. ज्याने हे भोगलंय त्याला खुला व्यापार हा शब्द शिवीसारखा वाटत नाही.

सिअ‍ॅटलमधल्या पोरांबद्दल मला राग नाही. पण त्यांच्या देशातल्या कापूस शेतकऱ्याला त्यांचं सरकार भरमसाठ अनुदान देत होतं, आणि त्याने जगभरचा भाव पडत होता. त्यावर किती फलक होते तिथे? ब्राझीलने २००२ मध्ये याच संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार केली आणि जिंकली. मालीसारख्या गरीब देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला. मोर्चाने जे झालं नाही ते थोडंफार निवाड्याने झालं. आणि आता बघा, अमेरिकेने नेमणुका अडवल्याने डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळच ठप्प आहे. नियम मोडकळीला आले की दांडगाच जिंकतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के कर लागला तेव्हा दाद कुठे मागायची होती? त्याच महिन्यात आपल्याच सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, नेमकं हंगामाच्या तोंडावर.

म्हणून मला सिनेमा अर्धा वाटला. मुक्ताताई, तुमची रुखरुख माझीही आहे, फक्त मी दुसऱ्या दाराने आलो.

---

मुक्ता (रविवार, रात्री ८:१०)

वऱ्हाडी माणूस, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. एक मात्र सांगते, विरोध म्हणून नाही. नियम असावेत हे तुमचं म्हणणं, आणि नियम बंद खोलीत ठरू नयेत हे रस्त्यावरच्या लोकांचं म्हणणं, यात मला भांडण दिसत नाही. ब्राझीलला वकिलांची फौज उभी करता आली. मालीने प्रश्न मांडला, त्याला काय मिळालं? 'ग्रीन रूम'मध्ये खुर्ची नसली की निवाड्यापर्यंत पोचायचीच ताकद राहत नाही. सिनेमातला तो आफ्रिकी प्रतिनिधी याच जागी गुदमरतो. मला त्याच्यावर आणखी अर्धा तास हवा होता.

---

औषधवाला (रविवार, रात्री ९:२५)

तो डॉक्टर मला सगळ्यात जवळचा वाटला. मी औषध निर्मितीतच आहे, आता निवृत्तीला आलोय.

सिनेमा १९९९ चा काळ दाखवतो. तेव्हा एड्सच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला वर्षाला माणशी १० ते १५ हजार डॉलर लागत. आफ्रिकेत माणसं गावंच्या गावं मरत होती. औषध अस्तित्वात होतं, परवडत नव्हतं. कारण बौद्धिक संपदेचा करार आणि पेटंट. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवणं कायदेशीर होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने, तिचे प्रमुख युसुफ हमीद यांनी, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला हा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कुणी पेढे वाटले नाहीत, सगळे नुसते एकमेकांकडे बघत होतो. आम्ही दुसऱ्या कंपनीत होतो, तरीही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर खटला भरलेल्या ३९ कंपन्यांनी तो मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोह्याच्या मंत्रिपरिषदेत जाहीरनामा निघाला की सार्वजनिक आरोग्यासाठी देशांना या करारातल्या सवलती वापरता येतील. सिअ‍ॅटलमध्ये ज्या डॉक्टरसमोर रिकाम्या खुर्च्या होत्या, त्याचं म्हणणं दोन वर्षांत जगाला कागदावर घ्यावं लागलं. हे सिनेमात नाही, कारण तो आधीच संपतो. पण तो प्रसंग पाहताना मला हे सगळं आठवत होतं आणि त्या रिकाम्या खुर्च्या भरलेल्या दिसत होत्या.

रस्ता की सभागृह, असं विचारलंत म्हणून माझ्यापुरतं सांगतो. आमची गोळी स्वस्त असणं पुरेसं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतले रुग्ण स्वतः रस्त्यावर आले नसते तर ती गोळी त्या देशाच्या सीमेवरच अडली असती.

---

वऱ्हाडी माणूस (रविवार, रात्री १०:०२)

औषधवाले काका, हे मान्य. बियाण्याच्या बाबतीत मी एवढ्या सहज मान्य करणार नाही, पण गोळीच्या बाबतीत मान्य.

---

गोरेगावकर (सोमवार, सकाळी ८:४०)

सिअ‍ॅटलची लाट आपल्या दारापर्यंत आली होती, हे कुणी लिहिलं नाही अजून. जानेवारी २००४, गोरेगावचं नेस्को मैदान, जागतिक सामाजिक मंच, म्हणजे जगभरच्या चळवळींचा मेळावा. आधी ब्राझीलमध्ये भरायचा, पहिल्यांदा तिथून बाहेर पडून मुंबईत आला. मी बारावीला होतो, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं.

जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये तागाचे पडदे लावून सभा चाललेल्या, धूळ इतकी की संध्याकाळी नाकातून काळं निघायचं. एका बाजूने झारखंडचे आदिवासी मांदर वाजवत येतायत, मध्ये कोरियाचे शेतकरी, मागे आपले सफाई कामगार, विडी कामगार बायका. कोरियाच्या लोकांच्या छातीवर एका माणसाचा फोटो होता. आधीच्या सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत कान्कुनला व्यापार परिषदेच्या कुंपणावर चढून त्यांच्या ली क्युंग हे नावाच्या शेतकऱ्याने जीव दिला होता. त्यांच्यातल्या एका आजींनी माझा हात धरून काहीतरी सांगितलं. भाषा कळली नाही. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या एका बाई रडायला लागल्या. त्या विदर्भातल्या होत्या, त्यांनाही भाषा येत नव्हती.

रस्त्यापलीकडे त्याच वेळी दुसरा मंच भरला होता, ज्यांना हा मंच मवाळ वाटत होता त्यांचा. तिकडेही जाऊन आलो. तेव्हा गोंधळलो होतो. आता वाटतं, एकाच प्रश्नावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं भरलेली असणं हे भाग्याचं होतं. आज त्या मैदानावर प्रदर्शनं भरतात, मी कामासाठी जातो, आणि प्रत्येक वेळी मला तो मांदर ऐकू येतो.

---

रानवारा (सोमवार, रात्री ११:१०)

पाहिला. आधी हा धागा वाचून पाहिल्यामुळे फार वेगळा दिसला. आफ्रिकी प्रतिनिधी पडद्यावर आला की मी सरसावून बसत होतो. काळा पडदा म्हणाले ते जाणवलं, तयारीचे प्रसंग फारच थोडे आहेत. पण साखळी करून बसलेल्यांवर फवारा मारतात तिथे थांबवलं आणि पावसाळी शहर यांची बाटली आठवली. पुढे पाहायला वेळ लागला.

---

केळशीचा किनारा (मंगळवार, रात्री ९:५०)

काल हर्णैला गेलो होतो. मामा बोटीवरून आलेला, जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याला फोनवर सिनेमातली कासवांच्या मोर्चाची दृश्यं दाखवली. काम थांबवून बघत राहिला. हे लोक कोण, कुठले, कशाला असं विचारलं. मी सगळं सांगितलं: अमेरिकेचा कायदा, आपण चार देशांनी केलेली केस, निकाल, हा मोर्चा.

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपल्याकडनं कोण गेलेला रे बोलायला?"

मी म्हटलं, सरकारचे लोक, वकील.

"त्यातला कोण हर्णैला आलेला? आमाला कोणी इचारलं, की बाबांनो चार महिन्यांत जमंल की तीन वर्षं लागतील?"

मी नाही म्हटलं.

त्याने सुई पुन्हा हातात घेतली. दोन-चार गाठी मारल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "परत लाव ते. कासवांचं."